निकाल यांचा, दयाही यांचीच

आमच्या घरात एकाच माणसाकडे दोन हुद्दे होते आणि त्या दोन हुद्द्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. म्हणजे तोंडी नव्हतं; लेखी होतं. संस्थानच्या कचेरीत पुढच्या दालनात न्यायाधीश बसायचे, मागच्या खोलीत मंत्री बसायचे, आणि दोन्हीकडे बसायचे ते आमचे हेच. सकाळी कोर्टात पगडी, दुपारनंतर मागच्या खोलीत काळी टोपी. न्यायाधीशांनी मंत्र्यांना लिहायचं की कोर्टाचं छप्पर गळतं, दुरुस्ती व्हावी. मंत्र्यांनी उत्तर द्यायचं की आपलं पत्र पावलं, विचार चालू आहे. शिपाई ते पत्र भिंतीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवी आणि मान खाली घालून हसे. छप्पर गळतच राहिलं.

मी साताऱ्याची, हे सांगलीचे. संस्थान या दोहोंच्या मध्ये पसरलेलं, आणि पसरलेलं म्हणजे भाकरी कुस्करावी तसं. एक तुकडा कृष्णेकाठी, उसाचा. दुसरा पार पूर्वेला जतच्या बाजूला, जिथं बाजारात अर्धे लोक कानडी बोलतात आणि विहिरीला पाणी किती हे विचारल्यावाचून कुणी मुलगी देत नाही. मधल्या मुलखावर इंग्रजांचा अंमल. तिकडे बेचाळीसनंतर रानातली माणसं स्वतःची कोर्टं चालवत होती, झाडाखाली बसून निवाडे देत होती, आणि त्यांना धरायला पोलिसांच्या गाड्या धुरळा उडवत फिरत होत्या. आमच्या हद्दीत त्या मानानं शांत होतं. हे म्हणायचे, "आपल्याकडे कायदा आहे म्हणून शांत आहे." मी काही बोलत नसे. न्यायाधीशाच्या बायकोनं कधी गप्प बसावं हे मी लग्नानंतर वर्षभरात शिकले होते, फक्त ते नेहमी जमत नसे.

माणूस नाकासमोर चालणारा. कुणी आंब्याची पाटी आणून ओसरीवर ठेवली तर ती ज्या पावली आली त्या पावली परत जायची, मग आंबे वाटेत कुजोत. गावात कुणाच्या लग्नाला जायचं नाही, कारण उद्या त्या घरातली भांडणं कोर्टात येतील. मी नदीवर एखादीशी दोन शब्द जास्त बोलले तर जेवताना उलटतपासणी. सासूबाईंचं सोवळं कडक होतं, पण त्यांचं निदान जेवणं आटोपली की सुटायचं. यांचं न्यायाचं सोवळं चोवीस तास चालायचं. चेष्टा करते आहे खरी, पण तेव्हा मला त्याचा अभिमानच वाटत असे. अशा माणसाच्या हातून वाईट होणार नाही, अशी माझी समजूत होती.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात पूर्वेच्या तुकड्यात पाण्यावरून खून झाला. गावची विहीर एकच. तिच्यापाशी जनावरांना पाणी पाजायची दगडी डोणी होती. एक मेंढपाळ दुपारच्या वेळी आपली मेंढरं घेऊन डोणीवर आला तेव्हा पाटलाच्या थोरल्या मुलानं भरलेली डोणी उपसून मातीत ओतली आणि मेंढरांवर ढेकळं मारली. मेंढपाळ एक शब्द न बोलता परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुऱ्हाड घेऊन आला, आणि पाटलाचा मुलगा विहिरीवरच मेला.

खटला यांच्यापुढे चालला. तेव्हा हे नुसते न्यायाधीशच होते. वकिलानं मेंढपाळाला पढवलं होतं की राग अनावर झाला असं म्हण, म्हणजे काही वर्षांच्या शिक्षेवर निभावेल. यांनी त्याला विचारलं, "रागाच्या भरात मारलंस का?" तो म्हणाला, "न्हाई साहेब. राग रातीच उतरला व्हता. सकाळी इचार करून मारला." यांनी त्याला पुन्हा एकदा विचारलं, नीट समजावून विचारलं. तो म्हणाला, "त्यो रोजच पानी सांडनार व्हता. मेंढरं मेली असती." त्यापुढे कायद्यात जागाच नव्हती. एका रात्रीचा विचार मध्ये आला आणि शिक्षा फाशीची झाली.

त्या दिवशी घरी आल्यावर हे म्हणाले, "इतका खरा माणूस मी पिंजऱ्यात पाहिलेला नाही, आणि त्या खरेपणानंच माझे हात बांधले." पण ते फार दुःखात नव्हते, हेही सांगायला हवं. कारण संस्थानात फाशी सांगितली जायची, दिली जायची नाही. सासूबाईंच्या आठवणीतही कुणाला फाशी झालेली नव्हती. शिक्षा झाली की आरोपीनं दयेचा अर्ज करायचा, कारभारी किंवा मंत्री त्यावर दोन ओळींची शिफारस लिहायचे, आणि सरकार, म्हणजे आमचे राजेसाहेब, ती शिक्षा जन्मठेपेवर आणायचे. निकाल कडक आणि दया हुकमी, असा तो रिवाज होता. यांनी निकाल वाचून झाल्यावर त्याला सांगितलंही, "दयेचा अर्ज कर. सरकार दयाळू आहेत." आरोपीच्या मागे त्याचा थोरला भाऊ उभा होता, त्यानं मान हलवली म्हणे.

दिवाळीच्या आधी न्याय आणि तुरुंग खात्याच्या मंत्र्यांना अर्धांगाचा झटका आला. आता प्रजेचं राज्य येणार म्हणून सरकारांनी नुकतंच मंत्रिमंडळ केलं होतं. दोन मंत्री लोकांचे, एक सरकारांचा. पडला तो सरकारांचा. कायदा कळणारा दुसरा माणूस जवळ नव्हता, म्हणून सरकारांनी यांना बोलावून ते खातं तात्पुरतं सांभाळायला सांगितलं. आपल्याकडे तात्पुरतं काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गावानं हार घातले, मी पेढे वाटले. मंत्र्यांच्या टेबलावर जी कागदपत्रं साठली होती त्यांत मेंढपाळाचा दयेचा अर्ज होता, हे मला पेढे वाटताना माहीत नव्हतं. यांना होतं.

मार्गशीर्षात एका बाजाराच्या दिवशी पाटील आमच्या घरी आला. मेलेल्या मुलाचा बाप. उंच, वाळलेला माणूस, रात्रभर बैलगाडीत बसून आल्यानं फेट्यावर धूळ. मी माजघराच्या दाराआड होते. मला वाटलं, फाशी लवकर द्या म्हणून सांगायला आला असेल, आणि त्यात मला नवल वाटलं नसतं. चहा पुढे केला तर त्यानं हात जोडले आणि बसल्या जागेवरून सरळ विषय काढला.

"साहेब, त्या गड्याला जगू द्या."

पाटील सांगत गेला. "माजा त्याच्यावर जीव हाय म्हनून न्हाई सांगत. माजा वाघासारखा पोरगा गेला. पर मला आनकी एक हाय, धाकटा. त्या गड्याचा थोरला भाऊ मला इहिरीवर भेटला. म्हनला, पाटील, तुमी पानी सांडलं, आमी पोरगा मारला, फिटलं, आमी गप ऱ्हातो, पर आमचा सरकारनं न्हेला तर हिशेब ऱ्हातुया. ह्ये लय गोडीनं म्हनला साहेब. वरडला असता तर मला भ्या वाटलं नसतं."

"त्यानं धमकी दिली असेल तर फौजदाराकडे तक्रार करा," हे म्हणाले.

"तक्रार काय करू? त्यो म्हनंल, म्या कुटं काय म्हनलो. आवं, आमच्या दोनी घरची चार मानसं बसली, बोलनं झालं. तुरुंगात घाला, जल्मभर घाला, आमच्या दोगांचं बी समाधान हाय. इंग्रजाच्या हद्दीत असतो तर ह्ये झाडाखाली बसून मिटलं असतं."

यांचा चेहरा घट्ट झाला. तो झाडाचा उल्लेख नको होता, पण त्यामुळे काही बिघडलं असं मला वाटत नाही. बिघडायचं ते आधीच ठरलेलं होतं. हे म्हणाले, "पाटील, हा निकाल मी दिला आहे. माझ्या खटल्याबद्दल माझ्या घरात मला काही ऐकता येत नाही. दयेचं काम मंत्र्यांकडे असतं. उद्या कचेरीत जाऊन मंत्र्यांना भेटा."

"मंत्री कोन हायत आता?"

"मीच."

पाटील उठला, रामराम केला आणि धर्मशाळेत मुक्काम करतो म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत मागच्या खोलीत गेला. तिथं टोपी घातलेल्या यांनी त्याला सांगितलं, की या प्रकरणात निकाल देणारा न्यायाधीश मी स्वतः असल्यामुळे मंत्री म्हणून मला त्यावर काही मत देणं उचित नाही. पाटील परत जाताना आमच्या परसदारी आला. बायकांशी बोलायला पुरुष असे येत नाहीत, पण तो आला, आणि पायरीखाली उभं राहून म्हणाला, "आईसाहेब, साहेब हितं म्हनत्यात तिकडं जा, आन तितं म्हनत्यात मला इचारू नगा. मग साहेब हायत तरी कुटं?"

मी म्हणाले, "सांगून बघते." तो म्हणाला, "बघा. तुमाला बी लेकरं असत्याल." आम्हाला मूल नव्हतं. ते त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

मी सांगून बघितलं. ताट वाढल्यावर सांगितलं, म्हणजे उठून जाता येणार नाही. यांचं म्हणणं असं, की मी दयेची शिफारस केली तर लोक म्हणतील, निकाल चुकला म्हणून मागल्या दारानं निस्तरतोय. शिफारस करायची नाही असं लिहिलं तर म्हणतील, आपला निकाल खरा करायला माणसाचा बळी दिला. म्हणून दोन्ही नको. 'मी न्यायाधीश असल्याने मत देत नाही' एवढं लिहून अर्ज सरकारांकडे पाठवला आहे. सरकार रिवाजाप्रमाणे दया करतीलच.

"तुमच्या मताशिवाय?"

"इतक्या वर्षांचा रिवाज आहे."

"रिवाज तुमच्या दोन ओळींचा आहे," मी म्हणाले. "त्या ओळीच नसल्या तर रिवाज कुठला?"

हे म्हणाले, "तुला यातलं कळत नाही." माझे वडील साताऱ्याला तीस वर्षं वकिली करत होते आणि घरात जेवताना दुसरं काही बोलणं नसे. मला पुष्कळ कळत होतं. पण मी आमटी वाढली आणि गप्प राहिले, कारण सरकारांबद्दल यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार, असं मलाही वाटलं.

संक्रांतीला राजवाड्यात हळदीकुंकू होतं. आता मंत्र्यांची बायको म्हणून मला पुढची जागा मिळाली. राणीसाहेब कुंकू लावायला स्वतः आल्या तेव्हा मी हळूच विषय काढला. असल्या ठिकाणी असलं बोलत नाहीत. शेजारणीनं माझ्या पदराला ओढ दिली, पण मी बोलले. राणीसाहेबांचा स्वभाव गरीब. त्यांनी मला हळदीकुंकू संपेपर्यंत थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, "मी सरकारांच्या कानावर घातलं होतं हो. त्यांना त्या मेंढपाळाची कणव आहे. पण ते म्हणाले, 'इतकी वर्षं प्रत्येक कारभाऱ्यानं दया करा म्हणून लिहिलं. यांनी लिहिलं नाही. इतका न्यायी माणूस लिहीत नाही म्हणजे त्याच्या मनात फाशी द्यायचीच आहे, फक्त सभ्य आहे म्हणून उघड म्हणत नाही. त्यांचा मान ठेवला पाहिजे.'"

मी तिळगूळ हातात तसाच धरून घरी आले. यांचा मान ठेवण्यासाठी एक माणूस मरणार होता. आणि एकच नव्हे, हे पाटलानं सांगितलेलं मी विसरले नव्हते.

हे संध्याकाळचा चहा घेत होते. मी लुगडंही न बदलता शब्दन् शब्द सांगितला. असा रंग उतरलेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मला वाटलं आता झालं, आता हे जातील. सरकारांना एवढंच सांगायचं होतं की माझी हरकत नाही. वाड्याचं अंतर ते काय, हाकेच्या टप्प्यावर.

सकाळी ते कपडे करून निघालेसुद्धा. मी दारापर्यंत गेले. बाहेरच्या पायरीवर ते थांबले, मागे वळले, आणि ओसरीवरच्या बाकावर बसले.

"जाऊन काय सांगू?" ते म्हणाले. "माझं मत नाही याचा अर्थ माझा नकार नाही, असं? म्हणजे होकारच झाला. मी लेखी कळवलं आहे की मत देणार नाही. आणि आता पाठीमागून तोंडी जाऊन मत द्यायचं? तेही बायकोनं हळदीकुंकवात ऐकून आणलेल्या गोष्टीवरून?"

मी म्हणाले, "हो. तसंच."

"ते बरोबर होणार नाही."

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुमचं सोवळं तुम्हाला लखलाभ. पण ते माणसाच्या जिवावर चाललंय, तुमच्या नव्हे." शिपाई अंगणात होता, त्यानं ऐकलं असणार. मला त्याची पर्वा वाटली नाही. हे बाकावरून उठून कोर्टात गेले. त्या दिवशी कोर्टात एका बांधाच्या भांडणाचं काम होतं आणि त्यांनी ते नेहमीसारखं नीट चालवलं, असं मागून कळलं.

माघ संपता संपता तुरुंगाच्या मागच्या अंगणात सुतारकाम सुरू झालं. संस्थानला फाशीचा खांब नव्हता, तो करावा लागला. फाशी देणाऱ्याला बाहेरून, इंग्रजी हद्दीतल्या तुरुंगातून बोलावून घेतलं. तो माणूस बाजारात फिरला तेव्हा लोकांनी त्याला वाट करून दिली, आणि भाजीवाल्या बाईनं त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत, कारण त्याच्या हातचे तिला नको होते. तुरुंग यांच्याच खात्यात. खांबाच्या लाकडाची मंजुरी, दोराची मंजुरी, सगळ्यावर मंत्री म्हणून यांची सही. त्या दिवसांत आमच्या घरी कुणी येत नव्हतं. कृष्णेच्या घाटावर मी गेले की बायकांची बोलणी थांबत.

फाशी झाली त्या दिवशी उन्ह चढल्यावर मेंढपाळाचा थोरला भाऊ प्रेत घेऊन आमच्या घरावरून गेला. गाडी थोडी पुढे गेल्यावर थांबली आणि तो एकटा मागे चालत फाटकाशी आला. खांद्यावर घोंगडं, चेहरा अगदी शांत. शिपाई काठी घेऊन पुढे झाला. तो म्हणाला, "काय न्हाई गड्या. साहेबांस्नी सांग, आमचा कुनावर बी राग न्हाई." आणि वळून गाडीकडे गेला.

शिपायानं निरोप आणून दिला. त्याला तो चांगला वाटला होता. हसतच सांगितला त्यानं. हे खुर्चीत बसले होते ते उठून उभे राहिले. पिंजऱ्यातून 'राग रातीच उतरला व्हता' हे त्याच आईच्या दुसऱ्या मुलानं सांगितलेलं त्यांनी आपल्या हातानं लिहून घेतलं होतं. त्यांनी त्याच दिवशी पाटलाच्या गावी दोन पोलीस पाठवायची व्यवस्था केली. पोलीस खातं दुसऱ्या मंत्र्यांचं, लोकांनी निवडलेल्यांचं. त्यांना पत्र लिहून, स्वतः जाऊन, विनंती करून हे केलं. मला त्यानं धीर आला. मी मनात म्हटलं, चला, वरातीमागून का होईना, घोडं निघालं.

पोलीस पाटलाच्या दारात बसून राहिले. उन्हाळा गेला. धाकट्याचं लग्न ठरलं, असं कानावर आलं. मी साताऱ्याला माहेरी चार दिवस राहून आले आणि तिथं कुणी विचारलं की यांचं कसं चाललंय, तर बरं चाललंय म्हणाले. पण फाटकावरचं ते बोलणं मला ऐकू येत असे, दळताना, वाती वळताना. राग असलेला माणूस ओरडतो, दारू पितो, विसरतो. राग नसलेल्याला घाई नसते.

मग स्वातंत्र्य आलं. सरकारांनी मोठ्या मनानं ठरवलं की मुख्य गावी झेंडावंदन थाटात करायचं आणि संस्थानातल्या सगळ्या पोलिसांनी संचलन करून सलामी द्यायची. सगळ्या म्हणजे सगळ्या. पाटलाच्या दारातले दोघेही दोन दिवस आधी निघून आले. हे चौथऱ्यावर मंत्र्यांच्या रांगेत उभे होते आणि मी बायकांच्या बाजूला. पोलिसांची रांग पुढून गेली तेव्हा यांनी मान वळवून कुणाला तरी शोधल्यासारखं केलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मला कळलं. शाळेच्या मुलांना साखर वाटत होते.

पाटलाचा धाकटा मुलगा त्या दिवशी गावच्या झेंड्याला हजर राहून शेताकडे गेला होता. ओढ्यात सापडला.

खटला दिवाळीनंतर उभा राहिला. मारताना कुणी पाहिलं नव्हतं. मेंढपाळाचा थोरला भाऊ फाशी गेलेल्या भावासारखा कबूल झाला नाही. खरं बोलून काय मिळतं ते त्यानं पाहिलं होतं. त्याच्यासाठी भावकीनं सांगलीचा वकील दिला. यांनी आधी प्रयत्न केला की हा खटला दुसऱ्यापुढे जावा, पण संस्थानात खुनाचा खटला चालवणारा न्यायाधीश एकच, आणि विलीनीकरणाच्या बोलण्यांत गुंतलेल्या सरकारांना त्यात लक्ष घालायला वेळ नव्हता. तेव्हा हेच बसले. मी रोज विचारायची, आणि हे रोज म्हणायचे, "चालू आहे."

निकालाची बातमी मला हे घरी यायच्या आधीच कळली. आरोपी सुटला. पाणक्यानं सांगितलं, मोलकरणीनं सांगितलं. पाटील कोर्टातून निघाला तो गावाकडे न जाता कुणाशी न बोलता घाटावर बसून आहे, असंही कुणी म्हणालं. हे घरी आले, पगडी काढून ठेवली. मी विचारलं, "कसा सुटला?"

त्यांनी सांगितलं, ओसरीवर बसून, माझ्याकडे न बघता.

पाटलाची साक्ष हाच खटल्याचा कणा होता. त्यानं सांगितलं की आरोपीनं विहिरीवर आपल्याला हिशेबाची भाषा ऐकवली होती. सांगलीचा वकील उलटतपासणीला उठला आणि म्हणाला, हे तुम्ही मुलगा गेल्यावर रचलंत. खरोखर धमकी असती तर कुणाला तरी आधी सांगितलं असतं. कुणाला सांगितलंत का?

पाटील म्हणाला, "सांगितलं व्हतं."

"कुणाला?"

पाटलानं वर न्यायासनाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. कोर्ट भरलेलं होतं. हे लेखणी धरून बसले होते, साक्षीदाराचा शब्दन् शब्द लिहून घ्यायला. मग पाटलानं नजर खाली घेतली.

"ध्यानात न्हाई आता."

वकील म्हणाला, "लिहून घ्यावं साहेब. साक्षीदाराला आठवत नाही." आणि साऱ्या भाषणात त्यानं दुसरं काही सांगितलं नाही. ज्या बापाला एवढी गोष्ट कुणाला सांगितली ते आठवत नाही, त्यानं ती सांगितलेलीच नाही. त्यावर आरोपी सुटला. कायद्यानं सुटणारच होता.

मी म्हणाले, "त्यानं तुमची अब्रू राखली. दोन पोरं गेली त्याची, आणि भरल्या कोर्टात त्यानं तुमची अब्रू राखली."

"माहीत आहे."

"मग तुम्ही का नाही बोललात? मला सांगितलं होतं, माझ्याच ओसरीवर, एवढं?"

"न्यायाधीशाला आपल्या कोर्टात साक्ष देता येत नाही," ते म्हणाले. मी आत जायला उठले, तेव्हा तेच पुढे म्हणाले, "हे खरं कारण नाही. तो ध्यानात नाही म्हणाला ना, तेव्हा मला बरं वाटलं. नीट अक्षरात लिहून घेतलं मी ते."